सगळी आपलीच माणसं

घर कसे असावे हे माणसाला लहानपणापासून माहीत असते. चित्रकलेच्या वहीत काढून काढून ते पाठ झालेले असते. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली कौलारू घर आणि बाजूने वाहणारी नदी. या चित्रात शेजारी मात्र कोणीही काढत नाही. शेजारचे घर काढले की नदीला जागा उरत नाही. आपल्या साऱ्या गृहविषयक कल्पनांचे मूळ या चित्रात आहे, असे माझे मत आहे. आपल्याला हवे असते घर, आणि मिळते ती वस्ती.

घर निदान मोजता तरी येते. पूर्वी बिल्डर लोक जिना, गच्ची आणि लिफ्टचा खड्डासुद्धा तुमच्या दिवाणखान्यात मिळवून चौरस फूट सांगत. 2016 चा रेरा कायदा आला आणि गालिचा अंथरता येईल तेवढेच घर हिशेबात धरायचे ठरले. पण वस्तीला कोणता गालिचा अंथरणार? वस्ती चांगली की वाईट हे कोणत्या टेपने मोजणार? नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून मोठ्या जागेत जायचे आम्ही ठरवले, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे.

जायला कारण होते. दोन खोल्या आणि माणसे पाच. रात्री एकाने कूस बदलायची तर बाकीच्या चौघांना पूर्वसूचना द्यावी लागे. मुलगी बारावीला, मुलगा आवाज फुटायच्या वयाला, आणि आईचे गुडघे तिसऱ्या मजल्याला. इमारतीला लिफ्ट नाही. आई चार महिन्यांत एकदाच खाली उतरली होती, तीसुद्धा मतदानाला.

आता कुठे जायचे, यावर घरात पाच माणसांची सहा मते पडली. सहावे मत बायकोच्या माहेरचे. वस्ती चांगली म्हणजे काय, याची प्रत्येकाची व्याख्या वेगळी निघाली. बायको म्हणाली, "जिथे रात्री नऊ वाजता खाली जाऊन कोथिंबिरीची जुडी आणता येते ती चांगली वस्ती." मुलगी म्हणाली, "जिथे रात्री नऊ वाजता मला एकटीला यायला तुम्ही घाबरणार नाही ती." मुलाला सर्व खोल्यांत इंटरनेट हवे होते. आईने मारुतीचे देऊळ, पिठाची गिरणी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, या क्रमाने तीन गोष्टी सांगितल्या आणि वर म्हणाली, "इतकी वर्षं इथे काही नव्हतं तेव्हा राहिलो. आता मंडईत जमिनीखालून मेट्रो आली, तर आपण निघालो!" मेट्रो 2024 साली आली ही आमची चूक नव्हे, पण आईपुढे असला युक्तिवाद चालत नाही.

मग एजंट आले. एक कोथरूडचा, एक सिंहगड रोडचा, एक बाणेरच्याही पलीकडचा. 2021 साली पुण्याच्या महापालिकेत 23 गावे एकदम आली, त्या बाजूलाही आम्ही जाऊन आलो. तिथे बऱ्याच ठिकाणी नळ पोचायच्या आधी टॉवर पोचलेले आहेत. एका इमारतीत पोहण्याचा तलाव होता आणि तो भरायला टँकर येत होता. पाण्यात पोहायचे की पाणी प्यायचे, याचा निर्णय म्हणे सोसायटी दर उन्हाळ्यात सर्वसाधारण सभेत घेते.

हे तिन्ही एजंट एकमेकांना ओळखत नव्हते, पण तिघांनीही माझे आडनाव विचारून घेतले आणि क्षणभर थांबून एकच वाक्य म्हटले. "काळजीच करू नका साहेब. सगळी आपलीच माणसं आहेत."

मी पहिल्यांदा भाबडेपणाने विचारले, "कोण? माझा मावसभाऊ राहतो का तिथे?"

"तसं नाही हो. आपली म्हणजे... आपली."

शाळेत सर्वनामाची व्याख्या शिकवतात, नामाऐवजी येतो तो शब्द. ती अपुरी आहे. नाव घ्यायची लाज वाटते तेव्हा वापरतात ते सर्वनाम. माझे आडनाव दुसरे असते तर त्याच एजंटाने तेच वाक्य दुसऱ्या इमारतीच्या दारात म्हटले असते आणि तिथेही ते खरे ठरले असते. 'आपली' हा शब्द किल्ल्यांच्या जुडग्यासारखा आहे. गिऱ्हाईक बघून किल्ली लावायची.

या धंद्याची भाषाच मोठी सभ्य आहे. थोड्या दिवसांत मला तिचा अर्थ लागू लागला. 'शांत वस्ती' म्हणजे जिथे मुले खेळत नाहीत. 'सुशिक्षित वस्ती' म्हणजे जिथे भांडणे लेखी होतात. 'फॅमिली सोसायटी' म्हणजे एकट्या मुलीला भाड्याने जागा मिळणार नाही. 'प्युअर व्हेज' म्हणजे तुमच्या फोडणीचा वास जिन्यात उतरला तर कमिटी वर चढेल. आणि आवाज एक पट्टी खाली आणून, दोषी माणसाच्या नजरेने म्हटलेले, "तशी चांगली आहे, पण जरा मिक्स आहे," याचा अर्थ सांगायला नकोच. घराला ओल असली तर एजंट ती लपवतो. वस्ती मिक्स असली तर मात्र तो स्वतःहून सांगतो. ओलीपेक्षा हा दोष मोठा, असे त्याला आपणच कधीतरी शिकवलेले असणार.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय आहे? आपल्यासारख्या माणसांत राहावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. आईला भजनाला चार जणी हव्यात, गौरी-गणपतीला आरती पाठ असलेला शेजारी हवा. यात कोणाचा द्वेष आहे? मलाही तसेच वाटे. पण थॉमस शेलिंग नावाच्या एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 च्या आसपास एक साधा खेळ मांडला होता. पटावर दोन प्रकारची नाणी मांडायची. प्रत्येक नाण्याची मागणी अगदी माफक. 'माझ्या लगतच्या शेजाऱ्यांपैकी एक तृतीयांश तरी माझ्यासारखे असावेत, बाकीचे कोणीही चालतील.' ज्याची मागणी पुरी होत नाही त्याने उठून रिकाम्या घरात जायचे. बस्स.

मी एका रविवारी मुलाचा बुद्धिबळाचा पट घेतला आणि नाण्यांऐवजी वीस शेंगदाणे आणि वीस फुटाणे घेतले. चौसष्ट घरांत ते कसेही पसरले. मग एकेका नाराज रहिवाशाला उचलून दुसरीकडे बसवू लागलो. एक शेंगदाणा उठला की त्याच्या शेजारचा दुसरा शेंगदाणा एकटा पडे, मग तोही बिऱ्हाड हलवी. अर्ध्या तासात पटाच्या एका बाजूला शेंगदाणेनगर आणि दुसऱ्या बाजूला फुटाणेवाडी तयार झाली. मध्ये रिकाम्या घरांची सरहद्द. यात एकही शेंगदाणा फुटाण्याचा द्वेष करीत नव्हता, हे विसरू नका. सगळे सज्जन होते. कोणीही फाळणी मागितली नव्हती. प्रत्येकाने फक्त 'थोडी आपली माणसं' मागितली होती. एवढ्यात मुलगा आला आणि दोन्ही वस्त्या मूठभरून खाऊन गेला. काळही शेवटी तेच करतो, पण ते तत्त्वज्ञान जाऊ द्या.

या शेलिंगसाहेबांना 2005 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सहकारी सोसायटीला आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम करता येतो, असा निकाल दिला. म्हणजे कायद्याची अडचण नाही. पण कायदा फक्त दार कोणाला लावता येते तेवढे सांगतो. ते लावावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

इथे पेठेतली मंडळी छाती पुढे काढतील. "म्हणून तर आम्ही म्हणतो, जुनं पुणं बरं होतं!" त्यांनी जरा दमाने घ्यावे. जुन्या पुण्यातल्या गल्ल्यांची नावे बघा. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी, कुंभारवाडा. शेंगदाणे एकीकडे आणि फुटाणे दुसरीकडे ही व्यवस्था टॉवरवाल्यांनी काढलेली नाही. फरक एवढाच की पूर्वी ती आळीच्या नावात उघड होती, आता ती सर्वनामात लपली आहे.

शेजारी न निवडण्याची पाळी पुण्यावर एकदा आली होती. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांतली घरे वाहून गेली. त्या चित्रातल्या नदीने घरच नेले. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. आईची एक मैत्रीण त्यातल्या एका वसाहतीत गेली. तिथे भिंतीपलीकडे कोण आले आहे, हे बघायला कोणाला सवड नव्हती. ज्याच्याकडे काडेपेटी कोरडी तो आपला. आई म्हणते, त्या भिंतीपलीकडच्या बाईनेच पुढे मैत्रिणीची तिन्ही बाळंतपणे केली. आडनाव मात्र मैत्रिणीला पहिल्या बारशाच्या वेळी कळले.

तरी मोठ्या आपत्तीशिवाय माणूस शहाणा होत नाही, असेही नाही. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर, तेव्हाच्या गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. मी तो हौद अनेकदा पाहिला आहे. पण घर शोधायला लागल्यावर तो एकदम वेगळा दिसू लागला. वस्ती आपल्याला काय देईल हे आम्ही पाच जण चार महिने मोजत होतो. या माणसाने उलटा हिशेब मांडला होता. माझ्या घरातून वस्तीला काय मिळेल? आणि वस्ती म्हणजे कोण?

मी घरी येऊन हाच प्रश्न कागदावर लिहिला. 'आपण राहायला आल्याने त्या वस्तीचा काय फायदा?' खाली आकडे टाकले. पहिल्या आकड्यापुढे बराच वेळ काही सुचले नाही. बायकोने डोकावून पाहिले आणि म्हणाली, "आई शिकवतील कुणालाही पुरणपोळी. मी मुलांचं गणित घेईन. तुमचं काय लिहायचं?" शेवटी माझ्या नावापुढे 'उपद्रव कमी' असे लिहून तो विषय मिटवला.

खरी गोष्ट वेगळ्याच ठिकाणी ठरली. आमच्याकडे बारा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी एक दिवस भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, तुम्ही जाल तिथं जवळ आमच्यासारख्यांची वस्ती आहे का बघा. नाहीतर तुम्हाला बाई मिळायची नाही." त्या आमचीच काळजी करीत होत्या. मी मात्र आम्ही पाहिलेले एक फाटक आठवून गप्प झालो. तिथे सकाळी साडेसहाला रांग लागलेली होती. स्वयंपाकाच्या बायका, सफाईवाले, गाड्या पुसणारी पोरे, टँकरचा ड्रायव्हर. प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाची पिशवी तपासणी, आणि वर जायला वेगळी लिफ्ट. आतली सगळी आपलीच माणसे सुखाने झोपलेली होती, ती या रांगेच्या जिवावर. आपली माणसे नसली तर वस्ती थोडी सुनी वाटेल. ही रांग दोन दिवस आली नाही तर वस्तीला वास मारेल. तरी त्यांच्यातल्या कोणाला तिथे, किंवा तिथून बस न बदलता पोचता येईल अशा जागी, राहता येणार नाही, अशीच त्या जागेची रचना होती. चांगल्या वस्तीची ही व्याख्या मला काही केल्या पटेना.

आम्ही शेवटी सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या इमारतीत जागा घेतली. लिफ्ट आहे. गिरणी समोर आहे, मारुती कोपऱ्यावर आहे, कोथिंबीर दहापर्यंत मिळते. मागच्या भिंतीपलीकडे वस्ती आहे, तिथे मावशींच्या बहिणीचे घर आहे. खालच्या मजल्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो. मी ती काही लहान गोष्ट मानत नाही. ज्या वस्तीत मोडलेली छत्री नीट करून मिळते, तिथे निरनिराळ्या हातांची माणसे अजून एकत्र राहतात, एवढे त्यावरून समजावे. जिन्यातल्या पाट्यांवर सहा आडनावे आहेत आणि सहाही सहा प्रकारची. दुसऱ्या मजल्यावर दर बुधवारी मासे तळतात, आणि आईने पहिल्या भेटीतच नाकाला पदर लावून डॉक्टरांचा पत्ता मात्र त्याच घरात विचारून घेतला.

एजंटाने ही जागा दाखवताना आवाज खाली आणलाच होता. "जरा मिक्स आहे, म्हणून भाव नऊ लाखांनी कमी." माझी तत्त्वे आणि माझे बजेट यांची इतकी सुरेख युती आयुष्यात पूर्वी कधी झाली नव्हती. भाव नऊ लाखांनी जास्त असता तर मी हेच ठरवले असते का, हा प्रश्न बायकोने विचारला नाही. तुम्हीही विचारू नये. हौद खुला करणारी माणसे शतकात एखादी होतात. आम्हा बाकीच्यांना चांगुलपणा थोड्या सवलतीत मिळाला, तर तो घेऊन टाकावा. घेतल्यावर तो वापरावा लागतोच.

पुढच्या महिन्यात आम्ही राहायला जाऊ. चौथा मजला अजून विकायचा आहे. एजंट तिथे गिऱ्हाईक आणील, त्याचे आडनाव विचारील, क्षणभर थांबेल आणि आमच्या दाराकडे बघून, माणसागणिक, एकतर म्हणेल, "सगळी आपलीच माणसं आहेत," नाहीतर आवाज एक पट्टी खाली आणील. तो आवाज खाली आणील तेव्हा दार उघडून त्या गिऱ्हाइकाला "आत या, चहा घ्या" म्हणायचे, एवढे मी ठरवले आहे. कागदावर माझ्या नावापुढे 'उपद्रव कमी' याच्या खाली ही दुसरी नोंद बायकोने मंजूर केली आहे. चहा मात्र मीच करायचा आहे.