एल्मच्या ओंडक्यापाशी

हे मनन सावकाश वाचा. एकेका परिच्छेदानंतर थांबा, हवं तर डोळे मिटा.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, एखाद्या शेताच्या बांधालगतच्या झाडीत तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा. हिवाळा सरत आला आहे. समोर एक वाळलेलं झाड आहे आणि तुम्हाला जळण हवं आहे. खांदे सैल सोडा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

झाडाकडे पाहताच मन म्हणतं, ‘एल्म!’ आणि पुढे सरकू पाहतं. त्याला तिथेच थांबवा. या झाडीत अमेरिकन एल्म असू शकतो, लाल एल्म असू शकतो, क्वचित रॉक एल्म असतो. आणि शेताला वाऱ्याचा आडोसा म्हणून कुणी आणून लावलेला सैबेरियन एल्मही असतो. समोरचा यातला कोणता? उत्तर देऊ नका. प्रश्न नुसता जवळ राहू द्या.

या कुळातलं एक झाड महाराष्ट्रात वाढलेल्यांच्या ओळखीचं आहे. आपला वावळ. उन्हाळ्यात त्याच्या चपट्या, गोल, कागदी फळांचा सडा पडतो. मधोमध बी आणि भोवती पातळ पंख. एल्मचं फळही याच घडणीचं, पण आकाराने लहान. वावळाच्या पानाची कड सहसा सलग असते, एल्मच्या पानाला मात्र करवतीसारखे दाते असतात. नातं आणि वेगळेपण, दोन्ही एकदमच मनात राहू द्या.

आता खाली वाकलेली एखादी बारीक डहाळी बोटांत धरा. पानं नाहीत, पण कळ्या आहेत. कळी तपकिरी, टोकदार आणि जवळजवळ गुळगुळीत असेल, तर अमेरिकन एल्मचा संभव. काळपट कळीवर तांबूस लव असेल, तर लाल एल्मचा. डहाळीवर बुचासारख्या जाड कडा उठल्या असतील, तर रॉक एल्म आठवा. काळसर, गोलसर कळ्या सैबेरियन एल्मकडे बोट दाखवतात. पायाशी गेल्या वर्षीचं एखादं पान सापडलं, तर त्यावरून अंगठा फिरवा. लाल एल्मचं पान पारिजातकाच्या पानासारखं खरखरीत लागतं. पण अमेरिकन एल्मचं पानही कधीकधी थोडं खरखरतं. म्हणून निकाल अजून देऊ नका. ही एक खूण झाली.

मग सालीचा जाड तुकडा मोडून त्याची आतली कड पाहा. अमेरिकन एल्मच्या सालीत पांढरट आणि तपकिरी थर आलटून पालटून दिसतात. लाल एल्मच्या सालीत हे पांढरट थर नसतात, सगळी कड तपकिरी. नजर थराथरावरून हळूहळू आत जाऊ द्या. ही दुसरी खूण.

झाड पाडलं की ओंडक्याचं कापलेलं तोंड पाहा. दरवर्षीच्या वलयात नागमोडी, बारीक रेषा दिसतात. ही एल्मची मोठी ओळख, पण हॅकबेरी या दुसऱ्या झाडाच्या लाकडातही अशाच रेषा असतात. गाभा तांबूस तपकिरी असला, तर लाल एल्मची शक्यता वाढते. घाव घातल्यावर आणखी कळतं. अमेरिकन एल्मचे तंतू एकमेकांत असे अडकलेले असतात की पाचर रुतून बसते आणि ओंडका दुभंगला तरी चिवट धाग्यांनी जोडलेला राहतो. लाल एल्म त्यामानाने सरळ फुटतो. हाताला जाणवलेला हा विरोधही खूणच आहे. त्यावर चिडू नका.

आता सुटू लागलेल्या सालीची आतली बाजू उलटून पाहा. लाकडावर कोरलेल्या वाटा दिसतात का? तंतूंच्या दिशेने एक उभी वाट आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना फुटलेल्या बारीक वाटा असतील, तर ते युरोपातून आलेल्या साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. मुख्य वाट आडवी असेल, तर अमेरिकेतल्याच मूळच्या भुंगेऱ्याचं. दोघेही एका बुरशीचे बीजाणू अंगावर वाहून नेतात. ती बुरशी लागली की झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पडतात. फांद्या भर उन्हाळ्यात पिवळ्या पडतात, आणि सालीलगतच्या लाकडात तपकिरी रेघा उमटतात.

इथे जरा जास्त वेळ थांबा. हा ‘डच एल्म’ रोग. नेदरलँड्सच्या संशोधक मारी श्वार्झ यांनी 1922 मध्ये त्यामागची बुरशी दाखवून दिली, म्हणून नावात डच आलं. 1930 मध्ये तो अमेरिकेत, ओहायो राज्यात सापडला. युरोपातून लाकडाचे पातळ पापुद्रे काढण्यासाठी आणलेल्या सालीसकट एल्मच्या ओंडक्यांतून तो आला होता. पुढे 1970 च्या दशकातल्या साथीने ब्रिटनमधले कोट्यवधी एल्म गेले. त्या लाटेमागेही उत्तर अमेरिकेतून गेलेले एल्मचे ओंडके होते. ते पाठवणाऱ्यांचं आणि आणणाऱ्यांचं झाडांशी वैर नव्हतं. त्यांना लाकूड हवं होतं, इतकंच. हे वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणा. मग स्वतःच्या गरजेकडे पाहा: मलाही लाकूडच हवं आहे.

म्हणजे प्रजात ओळखून कोणतं लाकूड सहज फुटेल हे कळतं. साल उलटून पाहिली की ते लाकूड कुठवर न्यावं हेही कळतं. साल निघून गेलेल्या, वाळलेल्या लाकडात हे भुंगेरे वीण घालत नाहीत. ते निर्धास्त रचून ठेवावं. साल घट्ट आणि खाली ओल असेल, तर ती सोलून जाळून टाकावी, किंवा लाकूड वसंतापूर्वी तिथेच संपवावं. गाडीत भरून दुसऱ्या गावी नेऊ नये.

खुणा पुन्हा एकदा मनाशी जुळवा: कळी, साल, गाभा, तंतू, वाटा. एखादी जुळली नाही, तर नाही जुळली. नाव ठरलं नाही, तरी निर्णय घेता येतो. जे पुरतं ओळखता आलं नाही, ते जिथे पडलं तिथल्याच चुलीत जळू द्यावं.