नोंद आणि निवाडा

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज, रोजा किंवा हज यांविषयी नसून कर्जाच्या लेखनाविषयी आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. सूरह अल्-बकराच्या 282व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, ठरावीक मुदतीचा कर्जव्यवहार लिहून ठेवावा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. ज्या धर्माने आर्थिक नोंदीला ईशआज्ञेचा दर्जा दिला, त्याच्या अनुयायाने आपल्या व्यवहाराची नोंद ठेवली जाते म्हणून कुरकुर करणे शोभत नाही. प्रश्न आहे तो त्या नोंदीवरून माणसाचा निवाडा कसा करावा, हा.

आपल्या देशात 2000 साली ‘सिबिल’ ही पतमाहिती संस्था स्थापन झाली आणि 2005 साली अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार संस्था आहेत. कोणी कर्ज घेतले, हप्ता कोणत्या तारखेस भरला, कोणता चुकवला, ही माहिती बँका त्यांना कळवतात आणि तिच्यावरून 300 ते 900 या दरम्यानचा एक आकडा तयार होतो. याखेरीज कर्ज देताना बँका अर्जदाराचा खातेउताराही पाहतात. व्याजाविषयी कुरआनचा निर्णय स्पष्ट आहे आणि त्यातून पळवाट शोधण्याचा येथे हेतू नाही. परंतु ही नोंद आता केवळ कर्ज घेणाऱ्यापुरती राहिलेली नाही. नातलगाला जामीन राहिलेल्या माणसाच्या नोंदीतही ती थकबाकी उमटते. काही बँका तर नोकरीत रुजू करून घेताना उमेदवाराची पतनोंद तपासतात.

माणसाची पारख व्यवहारावरून करणे इस्लामला अमान्य नाही. ह. उमर (र.) यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय, दीनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले, तेव्हा ते म्हणाले की, मग तू त्याला ओळखत नाहीस. मशिदीतील नमाज पाहून माणूस कळत नाही, पैशाच्या व्यवहारात कळतो, हा याचा बोध. मात्र त्या तीन प्रश्नांपैकी दोन शेजार आणि सहवास यांविषयी होते, हेही विसरता कामा नये. आजच्या आकड्याने तिसरा प्रश्न तेवढा ठेवला आणि पहिले दोन गाळून टाकले.

याचा परिणाम काय होतो? समजा, दोन माणसांनी सलग सहा हप्ते चुकवले. एकाच्या हाती पैसा होता, पण त्याने तो दुसरीकडे गुंतवला. दुसऱ्याचा हातगाडीवरचा धंदा आजारपणात बसला. दोघांच्या नोंदीत थकलेले दिवस सारखेच दिसतील. शरीअतच्या दृष्टीने मात्र या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ऐपत असूनही कर्ज फेडण्यात टाळाटाळ करणे हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार जुलूम आहे. याउलट अडचणीतल्या ऋणकोस हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी आणि कर्ज माफ केले तर ते अधिक उत्तम, असे कुरआन सांगतो (2:280). ‘का फेडले नाही?’ हा प्रश्न न विचारता दिलेला निर्णय सोयीचा असेल, न्यायाचा नव्हे.

त्याच दीर्घ आयतीतील आणखी एक तरतूद मननीय आहे. कर्जाचा मजकूर ऋणकोने सांगावा, लेखकाने लिहावा आणि ऋणको दुर्बल किंवा असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने सांगावा, असा आदेश आहे. म्हणजे नोंदीत दुबळ्या पक्षाचा आवाज आधी आहे. आज ही नोंद धनको कळवतो आणि ऋणकोला तिचा पत्ता बहुधा अर्ज नाकारला गेल्यावरच लागतो. वास्तविक प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळवता येतो आणि चूक असल्यास तक्रारही करता येते. हा हक्क न वापरणे म्हणजे आपली बाजू सांगण्याची संधी आपणच सोडून देणे होय.

ज्याची काहीच नोंद नाही, त्याचे काय? व्याज टाळण्यासाठी ज्याने आयुष्यभर कर्जच घेतले नाही, त्याचे पान कोरे असते. कोरे पान हा गुन्ह्याचा पुरावा नाही. संशयापासून दूर राहण्याची ताकीद सूरह अल्-हुजुरातमध्ये आहे (49:12). काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ मानून तेथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, हे सच्चर समितीच्या 2006 सालच्या अहवालाने नोंदवले होते. तेथे तर माणसाची नोंद न पाहता त्याचा पत्ताच निवाडा ठरतो.

परंतु इतरांकडून न्यायाची अपेक्षा करणाऱ्या आपल्या समाजाने स्वतःलाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. भावाकडून, मित्राकडून घेतलेली उसनवारी आपण लिहून ठेवतो काय? बँकेचा हप्ता धाकाने भरणारा माणूस बिनव्याजी कर्ज मात्र सवडीने फेडतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. तीन दीनारांचे कर्ज मागे ठेवून गेलेल्या एका माणसाची जनाजाची नमाज पढवण्यास प्रेषितांनी (स.) नकार दिला होता. ह. अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हाच ती नमाज झाली. या एका प्रसंगात कर्जाचे गांभीर्यही आहे आणि बांधवाच्या मदतीला धावणारा जामीनही. पुढे संपन्नता आली, तेव्हा कर्ज ठेवून मरण पावणाऱ्या श्रद्धावंतांच्या कर्जाची जबाबदारी प्रेषितांनी (स.) स्वतःवर घेतली. जकातच्या आठ खर्चबाबींत कर्जदारांचा वाटा आहेच (9:60). आपल्या मोहल्ल्यातील जकात त्या वाट्यापर्यंत पोहोचते काय, याचा विचार प्रत्येक जमातीने करावा.

माणसाची आणखी एक नोंद ठेवली जात आहे आणि कयामतच्या दिवशी ती उघडून त्याच्याच हाती दिली जाईल (17:13-14). त्या नोंदीत चुकलेल्या हप्त्याबरोबर त्यामागची मजबुरी आणि नियतही असेल, आणि तौबेचे दार मृत्यूपर्यंत उघडे राहील. त्या निवाड्यावर ज्याची श्रद्धा आहे, त्याने दुसऱ्याचा निवाडा करताना निदान एकदा तरी ‘का?’ असे विचारावे. अल्लाह आम्हा सर्वांना कर्जाच्या ओझ्यातून मुक्त ठेवो आणि अमानतीचे भान देवो. आमीन.