डोंगरच देव

जपानच्या नारा प्रांतात मिवा नावाचा डोंगर आहे, जेमतेम ४६७ मीटर उंचीचा. त्याच्या पायथ्याचं ओमिवा हे तिथल्या सर्वांत जुन्या शिंतो देवस्थानांपैकी एक. दर्शनाला गेलेल्याला तिथे देवाचा गाभारा दिसत नाही, कारण तो बांधलेलाच नाही. मंडपापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. नमस्कार पोचतो तो मागच्या डोंगराला.

आवारात सुगीचा, म्हणजे जपानी सीडारचा, एक जुनाट वृक्ष आहे. त्यात देवाचा पांढरा साप राहतो अशी श्रद्धा, म्हणून लोक बुंध्यापाशी अंडी आणि तांदळाची दारू ठेवतात. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्यांना यात परकं काय वाटणार?

डोंगर चढायचा तर आधी नोंद करावी लागते, गळ्यात पांढरी पट्टी घालावी लागते. वर खाणं नाही, फोटो नाही, खाली येताना काही उचलून आणणं नाही.

असं रानातलं दैवत आमच्याकडेही आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घाटंजी आणि शेजारच्या केळापूर तालुक्यांत सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य पसरलं आहे. नाव टिपाई देवीचं, आणि देवीचं ठाणं रानातच. इथल्या गोंड-कोलामांचे देवही झाडाखालचे, दगडाचे. आज या रानाला कायद्याचं कुंपण आहे. पण कायदा यायच्या कितीतरी आधीपासून माणसं इथे देवीच्या धाकाने आणि मायेने वागत आली.

जपानमध्येही हे सगळं आपोआप टिकलं नाही. १९०६ साली सरकारने गावोगावची लहान देवस्थानं एकत्र करायचा हुकूम काढला. देव हलले आणि त्यांच्या राया कुऱ्हाडीखाली गेल्या. मिनाकाता कुमागुसु या निसर्गअभ्यासकाने त्याविरुद्ध रान उठवलं. १९१० मध्ये त्यापायी कोठडीतही राहिला. राई गेली की तिथली वनस्पती, पाखरं आणि गावकऱ्यांचं एकमेकांशी असलेलं नातंही जातं, असं तो सांगत राहिला. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की फरशी येते, पत्र्याचा मंडप येतो आणि पहिला बळी पारावरच्या झाडाचा जातो.

म्हणून सांगणं एवढंच: टिपाईला जाल तेव्हा सोबतचं प्लास्टिक परत आणा. आणि गावच्या देवळाच्या नव्या सभामंडपाची वर्गणी मागायला कोणी आलं, तर पावती फाडण्याआधी विचारा, झाड राहणार आहे ना?