यंत्राचा मालक कोण?

वस्तु विकत घेतली, तिचे पैसे चुकते केले, म्हणजे ती आपली झाली, ही समजूत इतकी जुनी आहे कीं तिजविषयीं शंका घेण्याचें कोणास सहसा सुचत नाहीं. आम्हांसही तें सुचलें नसतें. परंतु आमच्या वडील भगिनीच्या लॅपटॉपानें तो प्रसंग आणिला.

लॅपटॉप २०१६ सालचा, प्रकृतीनें धडधाकट. आमची अक्का शाळेंतून निवृत्त झाल्यापासून गांवोगांव फिरून जात्यावरच्या ओव्या उतरून घेते. तो सारा संग्रह त्यांतच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची नेहमींची सेवा थांबली, आणि विंडोज ११ला एवढा जुना प्रॉसेसर चालत नाहीं. चालतें यंत्र टाकून नवें घ्या, असा त्याचा व्यवहारी अर्थ. आम्हांस तो अन्याय वाटला, व अक्काला विचारल्यासारखें करून आम्हीं त्यावर डेबियन ही लिनक्स-कुलांतील प्रणाली बसविली. ओव्यांची प्रत आधीं वेगळ्या डिस्कवर काढून ठेविली होती, एवढें शहाणपण आमच्या पदरीं घालण्यास हरकत नाहीं.

बसविणें तासाभरांत आटोपलें. वायफाय मात्र चालेना. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा, आणि इंटरनेट तर त्याच्यावांचून नाहीं! विहिरींत पडलेला दोर काढावयास तोच दोर पाहिजे, तशी गत. अखेर फोन तारेनें जोडून त्याचें इंटरनेट लॅपटॉपास दिलें. ड्रायव्हर आला, तरी वायफाय चालेना.

कारण उमगावयास संध्याकाळ झाली. हल्लींच्या लॅपटॉपांत ‘सिक्युअर बूट’ नांवाचा एक द्वारपाल असतो. ओळखीच्या किल्लीची सही ज्या प्रोग्रामवर नसेल, त्यास तो यंत्र सुरू होतांना आंत सोडीत नाहीं. बहुधा मायक्रोसॉफ्टची किल्ली त्याजपाशीं कारखान्यांतूनच दिलेली असते. डेबियनचा पहिला प्रोग्रामही तिच्याच सहीनें आंत शिरतो. आमचा ड्रायव्हर याच लॅपटॉपवर घडविलेला. त्याची सही द्वारपाल कोठून ओळखणार? पुष्कळ जण अशा वेळीं द्वारपालासच रजा देतात. आम्हांस तें पटेना. प्रणाली जागी होण्यापूर्वींच तिच्याखालीं शिरून बसणारे घातकी प्रोग्राम असतात. त्यांस अडविण्याचें त्याचें काम खोटें नव्हे.

दुसरा मार्ग असा कीं द्वारपालास नवी किल्ली दाखवावी. तिचें नांवच ‘मशीन ओनर की’, म्हणजे यंत्र-मालकाची किल्ली. एक परवलीचा शब्द ठरवून यंत्र पुन्हा सुरू केलें, कीं पडद्यावर १० सेकंदांपुरती विचारणा होते. कोणी कळ दाबली नाहीं तर ती निघून जाते. पहिल्या खेपेस आम्ही चहा घेत होतों; मालकी तेवढ्यांत येऊन गेली.

१९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हांपासून या पंथाचें म्हणणें एकच : प्रोग्राम वापरणाऱ्याच्या ताब्यांत असावा, वापरणारा प्रोग्रामच्या नव्हे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु दुसऱ्या खेपेस परवलीचा शब्द लिहावयास बसलों, तेव्हां मनांत आलें, ही मालकाची किल्ली आपण कोणाच्या नांवें देत आहों? कालपर्यंत कांहीं अडलें तर अक्का कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जात असे. तो डेबियनला हात लावीत नाहीं. उद्यांपासून तिला आमच्याकडे यावें लागणार. दूरचा धनी जाऊन जवळचा बसला. आणि जवळचा धनी उपकार म्हणून बसतो, त्यामुळें त्यास ऊठ म्हणणें अधिकच कठीण. प्रोग्राम सर्वांस वाचावयास खुला आहे, हें उत्तर आम्हीं स्वतःस देऊन पाहिलें. निरक्षरास ग्रंथालय खुलें आहे असें सांगण्यांत खोटें कांहीं नाहीं, पण तेवढ्यानें भागतही नाहीं. उलट, ज्यास कळत नाहीं त्याची मालकी कमी, असेंही म्हणवत नाहीं. अक्काला विजेच्या तारांतलें कांहीं कळत नाहीं, म्हणून घर वायरमनचें होत नाहीं. मात्र भला वायरमन मुख्य बटन कोठें आहे तें दाखवून जातो.

आम्हीं अक्काला स्वयंपाकघरांतून बोलाविलें व सर्व हकीकत सांगितली. ओव्या शाबूत आहेत ना, हें तिनें प्रथम विचारलें. मग, पूर्वींचें परत आणतां येईल का, हें. येईल, असें आम्हीं सांगितलें. तिनें चष्मा पुसला.

“मालक मी ना? मग हो बाजूला.”

शब्द आम्हांस दिसूं नये अशा बेतानें डावा हात आडवा धरून तिनें तो लिहिला, आणि निळा पडदा येतांच कळही तिनेंच दाबली. वायफाय लागलें. त्या रात्रीं तिनें आमच्याकडून सर्व पायऱ्या वहींत उतरून घेतल्या, ओव्या उतरून घेते तशा, पुन्हा पुन्हा विचारून. आणि दोन ठिकाणीं आम्हांसच नीट सांगतां आलें नाहीं.