ब्लूज, भीमगीत आणि नाममुद्रेचा प्रश्न

संगीताला आशय असतो किंवा नाही, हा सौंदर्यशास्त्रातला जुना वाद आहे. बा. सी. मर्ढेकरांच्या लयविचारानुसार संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांतून सिद्ध होणारी रचना हीच कलाकृती होय. या दृष्टीने शब्दविरहित वाद्यसंगीत ही सर्वांत निर्भेळ कला ठरावी. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) हा एकच ध्रुव पुरेसा नसल्याचे, कलाव्यवहाराला लौकिकाचा दुसरा ध्रुवही असल्याचे दाखवून दिले. या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. संगीताला आशय असो वा नसो, त्याला धनको असतो काय? जो सूर, जी शैली, जो घाट आपण उचलतो, त्याबद्दल आपण कोणाचे काही देणे लागतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका लहानशा, पण आज पुष्कळ ठिकाणी आढळणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

उत्तर नागपुरात राहणारा माझा एक विद्यार्थी गिटार वाजवतो. तो व्यावसायिक वादक नाही आणि होऊ इच्छीतही नाही. घराच्या मागच्या खोलीत एक लॅपटॉप, एक स्वस्त मायक्रोफोन आणि दुसऱ्याकडून घेतलेली गिटार एवढीच त्याची सामग्री. ब्लूजला लागणारी तयार साथ, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे ते ठरलेले चक्र, इंटरनेटवर मिळते. कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाने ते वाजवून सर्वांसाठी ठेवलेले असते. हा त्यावर आपले वादन चढवतो आणि तयार झालेली रचना पुन्हा सर्वांसाठी खुली करतो. नागपुरात मे महिन्यात हे करायचे म्हणजे आधी कूलर बंद करावा लागतो, नाहीतर गिटारपेक्षा कूलरची घरघरच अधिक मुद्रित होते. ४५ अंशांच्या उन्हात, दारे-खिडक्या लावून, घामाघूम होऊन तो चार मिनिटांची एक रचना पुरी करतो. अशी एक रचना ऐकवून झाल्यावर त्याने मला विचारले, "सर, मी हे कोणाला विकत नाही. ह्यात शब्दही नाहीत. तरी मधूनच वाटतं, मी दुसऱ्याचं दुःख नुसतं वाजवून बघतोय. हे चूक आहे का?"

त्याच्या प्रश्नातच बचावाचे दोन युक्तिवाद आहेत आणि त्या दोहोंबद्दलची शंकाही आहे. पहिला युक्तिवाद निःशब्दतेचा, दुसरा विनामूल्यतेचा. दोन्ही क्रमाने तपासू.

ब्लूज हे आफ्रिकी-अमेरिकी समाजाचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या पिढ्यांनी, कर्जाने बांधलेल्या कुळांनी आणि मजुरांनी, ते घडवले. लरॉय जोन्स यांनी 'ब्लूज पीपल' (१९६३) या ग्रंथात हे संगीत म्हणजे त्या समाजाच्या बदलत्या स्थितीचा इतिहासच आहे, अशी मांडणी केली आहे. त्याच्या रूढ घाटात गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. प्रत्येक ओळ अर्ध्या वाटेवर थांबते आणि उरलेली जागा वाद्य भरून काढते. म्हणजे ब्लूजमधली गिटार ही नुसती साथ नसते. ती संवादातला दुसरा बोलणारा असते. गायन काढून टाकले तर राहते ते उत्तर. ज्याला उत्तर दिले तो प्रश्न नाहीसा होतो. तेव्हा 'शब्द नाहीत म्हणून काही उचललेले नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. वाद्याने शब्दांची जागा आधीच आपल्यात सामावून घेतलेली असते.

मात्र याचा अर्थ निःशब्द ब्लूज खोटाच असतो, असा नव्हे. टेक्सासमधील अंध गायक-वादक ब्लाइंड विली जॉन्सन याने १९२७ मध्ये डॅलस येथे मुद्रित केलेल्या एका रचनेत एकही शब्द नाही. आहे ती तारेवरून घसरत जाणारी गिटार आणि तिच्यासोबतचे हुंकार. तिचे शीर्षक एका जुन्या इंग्रजी प्रार्थनागीताकडून आले आहे, म्हणजे तीही उसनवारीच. जॉन्सन १९४५ मध्ये दारिद्र्यात वारला. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत पृथ्वीच्या संगीताचा नमुना म्हणून जी गाणी निवडली गेली, त्यांत ही रचना आहे आणि सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. गोव्यातल्या केरीची ही गायिका आणि टेक्सासचा तो वादक एकाच तबकडीवर आहेत. दुःखाला शब्दांची गरज नसते, हे त्यावरून मान्य करता येईल. पण ही दोन्ही ध्वनिमुद्रणे आपापल्या नावानिशी निवडली गेली, हेही विसरता येत नाही.

आता विनामूल्यतेकडे वळू. 'हौशी' हा शब्द आपण नाट्यव्यवहारात आदराने वापरतो. ज्याला पैशाची अपेक्षा नाही त्याचा हेतू शुद्ध, असे आपण गृहीत धरतो. ब्लूजच्या बाबतीत या गृहीतकाला बळ मिळते ते त्याच्या व्यापाराच्या इतिहासामुळे. १९२० नंतर ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांना अनेकदा एकरकमी अल्प मोबदला देऊन पुढच्या विक्रीतला वाटा नाकारला. विली डिक्सन यांना आपल्या गीताचा अंश एका विख्यात ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाने वापरल्याबद्दल १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. या पार्श्वभूमीवर जो विकत नाही तो निर्दोष, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण लुटीत पैसा गेला तसे नावही गेले. डब्ल्यू. सी. हँडी हे ब्लूज लिपिबद्ध करून छापणारे आरंभीचे संगीतकार; 'ब्लूजचे जनक' अशी त्यांची ख्याती आणि त्याच अर्थाचे शीर्षक त्यांच्या १९४१ च्या आत्मचरित्राला आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवाइलर स्थानकावर रात्री गाडीची वाट पाहत असता, तारांवर सुरी घासून गिटार वाजवणाऱ्या एका फाटक्या माणसाकडून हे संगीत आपण प्रथम ऐकले, असे त्यांनी सांगितले आहे. त्या माणसाचे कपडे, त्याचा चेहरा, त्याचे सूर या सर्वांचे वर्णन आहे, नाव नाही. हँडी हा काही लुटारू नव्हता. 'मेम्फिस ब्लूज' (१९१२) या आपल्याच रचनेचे हक्क त्याला क्षुल्लक किमतीत गमवावे लागले. तरीही जनकाचे नाव राहिले आणि ज्याच्याकडून ऐकले त्याचे गेले. बाजारात निदान करारापुरते, दाव्यापुरते तरी नाव नोंदवले जाते. विनामूल्य देवघेवीत तेही बंधन नसते. पैसा मागायचा नसला की नाव सांगायचे कारणही उरत नाही. म्हणून विनामूल्यता हे ऋणमुक्तीचे साधन होऊ शकत नाही. ती फक्त ऋणाचे स्वरूप बदलते.

येथे नागपूरचेच दुसरे उदाहरण उपयोगी पडते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांची दुकाने लागतात. एके काळी तिथे कॅसेटी होत्या, मग सीडी आल्या. आता तीच गाणी मोबाइलवरून मोबाइलवर जातात. यांतली अनेक गीते लोकप्रिय हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या नेमके उलट: त्याने सूर ठेवला आणि शब्द गाळले, शाहिरांनी सूर उसना घेतला आणि शब्द स्वतःचे घातले. मग शाहीर ऋणको नाहीत काय? आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. चाल ऐकताच श्रोत्याला मूळ गाणे आठवते, किंबहुना ते आठवावे अशीच योजना असते. उसनवारी उघड्यावर होते. शिवाय ती ज्याच्याकडून केली तो चित्रपटव्यवसाय बलिष्ठ होता; गाणाऱ्याचे दुःख त्याच्याकडून उसने घेतलेले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या अनेक गीतांच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. ही नाममुद्रा संतांच्या अभंगांकडून चालत आली आहे. ज्यांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे त्या तुकडोजी महाराजांच्या भजनांतही ती आहे. गीत कोणीही म्हणावे, कुठेही म्हणावे, परवानगी विचारू नये; मात्र गीत पुरे म्हणायचे तर गाणाऱ्याच्या तोंडून कर्त्याचे नाव उच्चारले जावे, अशी ही व्यवस्था आहे. ती कायद्याच्या पुराव्यासारखी भक्कम नाही. दुसऱ्याच्या नावावर अभंग रचले गेले, प्रक्षेप झाले, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगायला नको. पण ती रचनेच्या आतच ऋणाची जागा राखून ठेवते. घराण्यांची रीत याहून वेगळी होती. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ यांनी आपले गाणे ध्वनिमुद्रित होऊच दिले नाही. तिथे विद्या परवानगीने, गंडा बांधून मिळे. टटवाइलरच्या अनाम वादकाचा गंडा मात्र आता कोणाला बांधता येणार नाही. म्हणून आपल्यापुढील प्रश्नाला नाममुद्रेचीच रीत जवळची आहे.

ज्याचे दुःख त्यानेच गावे, असे म्हणून हा प्रश्न मिटवता येईल काय? मला तसे वाटत नाही. तसे असते तर मराठीतील परिवर्तनाच्या विचाराचा मोठा भाग आपल्याला रद्द करावा लागेल. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निवेदनाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. अर्पणपत्रिका, पत्र, नाव: या तिन्हींत परक्या दुःखाशी नाते जोडलेले आहे आणि तिन्हींत ते कोणाशी जोडले, हे स्पष्ट म्हटलेले आहे.

माझ्या विद्यार्थ्याने एकदा जवळिकीचा दावा केला होता. ब्लूज कापसाच्या शेतातून आला, आणि आमचीही आजी कापूस वेचायला जायची, असे तो म्हणाला. दावा खोटा नाही, परंतु त्यातले नाते तो समजतो त्याहून गुंतागुंतीचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी भारताकडे, त्यात वऱ्हाडाकडे, मोर्चा वळवला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यांच्या मुक्तीचे युद्ध चालू असताना आमच्या कापसाला भाव येत होता, आणि युद्ध संपल्यावर तो उतरला. अशा नात्याने मालकी मिळत नाही. त्याने जबाबदारी मात्र वाढते, कारण आता आपल्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही.

या विवेचनात माझाही एक दोष नोंदवणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी एका निबंधात मी एका शाहिराचे गीत 'लोकगीत' म्हणून चर्चिले होते. शेवटचे कडवे आशयाच्या दृष्टीने पुनरुक्त वाटल्याने मी ते गाळले होते. वर्गात तो निबंध वाचल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, ते लोकगीत नाही. नाव तुम्ही गाळलेल्या कडव्यात आहे." तिच्या घरी ते गीत गायले जात होते. ज्याला मी पुनरुक्ती समजलो होतो, तीच कर्त्याची सही होती. माझा हेतू शुद्ध होता आणि त्या निबंधाचे मला पैसेही मिळाले नव्हते.

म्हणून मी गिटार वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला वाजवू नकोस असे सांगितले नाही. ज्याच्याकडून शिकलास त्याचे नाव घे, एवढेच सांगितले. त्याने पुढच्या रचनेच्या आरंभी, गिटार सुरू होण्याआधी, आपल्या आवाजात सांगितले: ही वळणे मी कोणत्या वादकाच्या कोणत्या ध्वनिमुद्रणावरून उचलली, साथ कोणाची आहे, आणि ज्याचे नाव मला सापडले नाही तोही यात आहे. रचनेबाहेरचे हे निवेदन कलाकृतीच्या स्वायत्ततेला बाध आणते, असा आक्षेप घेता येईल. पण ज्या परंपरेत कवीचे नाव अखेरच्या चरणात यमकासह बसते, त्या परंपरेच्या वाचकाला हा आक्षेप फार त्रास देऊ नये.

खरी अडचण दुसरीच निघाली. महिन्याभराने तीच रचना मला दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर ऐकायला मिळाली. गिटार तशीच होती. आरंभीचे बोलणे कोणीतरी कापून टाकले होते. वाईट हेतूने नव्हे. ऐकताना मध्ये येत होते म्हणून. मी जे कडव्याचे केले, तेच त्याने केले. निःशब्द संगीतात नाममुद्रा अशा जागी कशी बसवावी की ती काढली तर सूरच तुटेल, हे मला ठाऊक नाही. तोवर ते नाव टिकवण्याचे काम वादकाइतकेच ते पुढे पाठवणाऱ्याचे आणि त्यावर लिहिणाऱ्याचे आहे.