वॉकर कपडे वाळत घालायला आणलास का?

बस समोर, आणि मान वर करून ऐक. जिंतूरला माझ्या वर्गात होतास तेव्हाही प्रश्न न वाचता उत्तर लिहायचास. पन्नाशी गाठलीस तरी खोड गेली नाही. मायला घरी आणताना दवाखान्यातून मिळालेला कागद वाचलास का? मी वाचला. त्यावर साफ लिहिलंय की वॉकर धरून, सोसेल तेवढा भार देऊन रोज चालवावे. आणि वॉकरच्या मुठींवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नाही. तुझा टॉवेल नि लेकराची चड्डी त्यावर वाळतेय. माय तीन आठवडे बाजेवर उताणी आहे. तिच्या टाचेची कातडी काळी पडलीय. बायकोनं दोनदा सांगितलं, पण तिचं ऐकतो कोण! टाच आजच्या आज डॉक्टरांना दाखवायची, उद्या नाही.

“मायला त्रास नको म्हणून झोपवून ठेवलंय” असं गावभर सांगतोस. लोक तुला श्रावणबाळ म्हणतात. मी म्हणणार नाही. खुबा मोडल्यावर आधी लेप लावत बसलास, त्यात दोन दिवस घालवलेस. जमेल तितक्या लवकर, शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, हे तेव्हा तुला कुणी सांगितलं नसेल, तर ते सोडून देते. पण पुढं काय? हाडात खिळा कशासाठी घातला? हाड आतून धरून ठेवावं आणि माणूस दुसऱ्या दिवशी उभा करता यावा यासाठी. हाडाचा एक्स-रे बघूनच डॉक्टरांनी भार द्यायला लिहिलं. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?

पडून राहिल्यानं काय होतं ते ऐक. 2007 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं मांस जवळपास एक किलोनं घटलं. त्यांचं काही मोडलेलं नव्हतं. तुझी माय तर मोडलेल्या हाडानिशी त्याच्या दुप्पट दिवस पडून आहे. शिवाय छातीत कफ साठतो, पोटरीत रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात. खुबा मोडलेली म्हातारी माणसं पुष्कळदा अशा कारणांनीच दगावतात, मोडलेल्या हाडानं नाही.

“वय झालं, आता काय चालणार?” हे पुन्हा माझ्यासमोर बोलू नको. इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीची आई 1998 साली पडली, खुबा मोडला, तेव्हा ती 97 वर्षांची होती. ऑपरेशन झालं, ती काठी घेऊन पुन्हा चालली आणि 2002 पर्यंत जगली. तिच्या दिमतीला मोठे डॉक्टर होते, हे खरं. पण पाऊल तिचं तिलाच टाकावं लागलं. सगळ्यांची चाल पहिल्यासारखी होत नाही, निम्म्यांच्या आसपास माणसांना आधार कायमचा लागतो. म्हणूनच हे पहिले महिने हातचे घालवायचे नसतात.

आधी ती सैल बाज बाहेर काढ. तिच्यावरून तुलाही धड उठता येत नाही. टणक, उंच पलंग आण. परभणीचं ऊन तुला माहीत आहे, तेव्हा चालवायचं ते सकाळी. अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी दे. काठावर बसव, चक्कर येत नाही ना बघ. मग आधी वॉकर पुढं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेली तरी पुष्कळ. तू बाजूला उभा राहा, पण “पडशील, पडशील” म्हणून ओरडू नको. भीती तिच्यात आधीच भरपूर आहे. दुखणारच. मात्र पोटरी सुजली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा एकाएकी पायच टेकवेना, तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. फिजिओथेरपिस्टला एकदा तरी घरी आण आणि तो शिकवील ते तू स्वतः शीक. सगळं सुनेवर ढकलू नको.

आणि हे पेज पाजणं बंद. ज्या परभणीतल्या विद्यापीठानं 2018 साली लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी दिली, त्या जिल्ह्यात तू मायची भाकर तोडलीस! पन्नास किलोच्या बाईला दिवसाला किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. अंडी, दही, मटकी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, काय पचेल ते दे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून.

न्हाणीत कमोडची खुर्ची ठेव, भिंतीला धरायला दांडी बसव, रात्री दिवा चालू राहू दे. उभ्याउभ्या पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ झालीत, आणि दुसरा खुबाही त्याच हाडांचा आहे. वर्षातून एकदा घ्यायचं हाडांचं एक इंजेक्शन असतं. ते मायला चालेल का, ‘ड’ जीवनसत्त्व किती आहे, हे पुढच्या तपासणीला स्वतः तोंडानं विचार. काय म्हणाले ते कागदावर लिहून घे, आणि त्याच संध्याकाळी मला फोन कर.