मत्सराचे मूळ



शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही प्रभू येशूची आज्ञा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण 'स्वतःसारखी' या शब्दापाशी आपण फारसे थांबत नाही. ज्याला स्वतःवरच प्रीती करता येत नाही, तो शेजाऱ्याला काय देणार? संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, स्वतःवरील योग्य प्रेम हे मैत्रीचे मूळ आहे आणि मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचे वाटणारे दुःख.

शौल राजाकडे पाहा. उंचापुरा, देखणा, देवाने निवडलेला. पण निवड जाहीर झाली तेव्हा तो सामानात लपून बसला होता. पुढे राज्य मिळाले, तरी मनातला कमीपणा गेला नाही. स्त्रियांनी गाण्यात दावीदाला अधिक मान दिला आणि शौलाची नजर फिरली. त्याने दावीदावर भाला फेकला. पुढे स्वतःच्या मुलावर, योनाथानावरही. मत्सर एकाच नात्यावर थांबत नाही. योनाथानाला मात्र, गादी हातची जाणार असतानाही, आपला झगा काढून दावीदाला देता आला.

आपल्या पुण्यालाही हे दुःख ठाऊक आहे. राघोबादादा शूर होते. १७५८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरपर्यंत पोहोचल्या. पण पेशवेपद आधी एका पुतण्याला, मग दुसऱ्याला मिळाले, हे त्यांना सोसवले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी ठरवले. हाती आलेले पद वर्षभरही टिकले नाही. देवाची करणी पाहा: नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा मिळाली.

आपण भाला उचलत नाही. आपण अबोला धरतो, टोमणा मारतो, कौतुक करताना शेवटी एक 'पण' जोडतो. जावेच्या मुलाला दहावीत जास्त गुण मिळाले, भावाने नवा फ्लॅट घेतला, मिस्सेतील वाचनासाठी दुसऱ्याचे नाव आले, की आपल्याला आपलेच घर, आपलीच मुले उणी वाटू लागतात. ज्याने आपले काहीच बिघडवलेले नाही, त्याच्याशी आपले नाते तुटते.

स्वतःवर प्रेम करणे म्हणजे स्वार्थ नव्हे. बाप्तिस्म्यात देवाने आपल्याला लेकरू म्हणून स्वीकारले, ते आपले गुण मोजून नव्हे. हे मनापासून पटले, तर दुसऱ्याच्या मोठेपणाने आपण लहान होत नाही.

या आठवड्यात आपण एवढे करू या. स्वतःला मिळालेल्या एका देणगीबद्दल रोज देवाचे आभार मानू या. ज्याचे नाव निघताच मनात काटा टोचतो, त्याला अर्पणाच्या वेळी वेदीवर देवाच्या स्वाधीन करू या. आणि मिस्सा संपल्यावर त्याला भेटून, 'पण' न जोडता, त्याचे कौतुक करू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.